नवीन औषधाची बातमी आली की माझी झोप जाते

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ५३. दोन वर्षांपूर्वी पाठ दुखते म्हणून एमआरआय केला आणि त्यातून ब्रेस्ट कॅन्सर निघाला, तोही मणक्यात आणि कमरेच्या हाडात पोचलेला. हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू (पेशींवरचं एक प्रोटीन) निगेटिव्ह. तेव्हापासून रायबोसायक्लिब आणि लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी चालू आहे, शिवाय हाडांचं इंजेक्शन. स्कॅन स्टेबल येतात, मी नोकरीलाही जाते. पण रात्री फोन हातात घेतला की संपलं. कुठेतरी नवीन गोळी आलेली असते, कुठेतरी 'मृत्यूचा धोका इतक्या टक्क्यांनी घटला' असतं, आमचे हे लिंका पाठवतात, नणंद पाठवते, आणि मला वाटतं की जग पुढे गेलं आणि मी जुन्याच गोळीवर बसलेय. त्यात नेटवर वाचलं की माझी गोळी २५ महिने चालते. मला सव्विसावा सुरू आहे. डॉक्टर म्हणतात, छान चाललंय, कशाला बदलायचं. माझं काही राहून जातंय का? की हे वाचणंच बंद करू? मुलगी १९ वर्षांची आहे, ती परवा म्हणाली, आई नवीन औषध आलंय ना, मग तू पूर्ण बरी होशील ना? मला काही बोलताच आलं नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते.
– एक वाचक

उत्तर :

आधी त्या २५ महिन्यांचंच बोलूया, कारण बाकी सगळं नंतर, तुमच्या डोक्यात घड्याळ सुरू केलंय ते त्या आकड्याने. मी डॉक्टर नाही, तुमच्या फाईलबद्दल शेवटचा शब्द तुमच्या ऑन्कोलॉजिस्टचाच, पण आकडा कसा वाचायचा हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही.

हा आकडा मोनालीसा-२ नावाच्या ट्रायलमधला. ६६८ बायका होत्या, सगळ्यांना लेट्रोझोल, त्यातल्या निम्म्या जणींना सोबत रायबोसायक्लिब आणि निम्म्या जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. आजार पुढे सरकेपर्यंत किती काळ गेला ते मोजलं, रायबोसायक्लिबवाल्यांचा २५.३ महिने आला आणि दुसऱ्या गटाचा १६. आता हा २५.३ म्हणजे मिडीयन, म्हणजे साधारण असं समजा की त्या सगळ्या बायकांना ओळीत उभं केलं तर बरोब्बर मधोमध जी उभी आहे तिचा आकडा. तिच्या पुढे अर्धी ओळ शिल्लक असते हो! त्या अर्ध्या ओळीतल्या कुणाला तीन वर्षं, कुणाला चार, कुणाला त्याहून जास्त. सव्विसाव्या महिन्यात स्टेबल स्कॅन घेऊन बसलेली बाई म्हणजे त्या अर्ध्या ओळीतली बाई. तुम्ही तोच आकडा उलटा वाचला आणि गोळीवर एक्सपायरी डेट छापल्यासारखं करून ठेवलंत.

आणि त्याच ट्रायलचा दुसरा आकडा नेटवर कुणी तितक्या जोरात सांगत नाही. २०२२ मध्ये त्यांनी शेवटचा निकाल छापला, किती जगल्या याचा. मिडीयन ६३.९ महिने, नुसत्या लेट्रोझोलवाल्यांचा ५१.४. सहा वर्षांनी रायबोसायक्लिब गटातल्या साधारण ४४ टक्के बायका हयात होत्या. आता २५ आणि ६३ हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. पहिल्या गोळीचं काम थांबल्यावरही मधे तीन वर्षांहून जास्त काळ आहे, तो कुठून आला? पुढच्या औषधांमधून. एक थांबलं की दुसरं, ते थांबलं की तिसरं. तुम्ही रात्री ज्या बातम्या वाचता ना, त्यातल्या बहुतेक बातम्या या मधल्या काळाच्या आहेत, म्हणजे आज हातातली गोळी टाकून तिकडे धावायचं यासाठी त्या नाहीतच. शरीरभर पसरलेल्या कॅन्सरचा तो '५ वर्षं, ३० टक्के' वाला आकडाही तुम्ही बघितला असणार, सगळे बघतात. तो अमेरिकेतल्या आकडेवारीतला आहे, सगळे प्रकार एकत्र करून काढलेला, आणि पाच वर्षांचा हिशोब करायचा तर माणसं पाच वर्षांपूर्वीची किंवा त्याआधीचीच घ्यावी लागतात, त्यामुळे आजच्या औषधांचं त्यात कमीच दिसतं.

एक गंमत सांगते. तुम्ही जिला 'जुनी गोळी' म्हणताय ती २०१७ च्या मार्चमध्ये मंजूर झाली. त्या जातीतली पहिली, पाल्बोसायक्लिब, २०१५ मध्ये. त्याआधी तुमच्यासारख्या बाईला नुसती हार्मोनची गोळी मिळायची नाहीतर केमो. म्हणजे तुमच्या डब्यातली गोळी हीच कुणाच्या तरी रात्री दोन वाजताची बातमी होती.

आता 'माझं काही राहून जातंय का' याचं उत्तर. त्यासाठी फाईल काढा. पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट असेल, त्यात आयएचसी (कॅन्सरच्या पेशींवर काय आहे ते बघणारी टेस्ट) असं लिहिलेला भाग शोधा. तिथे तीन ओळी असतात. ईआर (इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर), पुढे टक्के. पीआर (प्रोजेस्टेरॉनचा), पुढे टक्के. आणि हर-टू, पुढे ०, १+, २+ किंवा ३+. २+ असेल तर खाली फिश नावाच्या, हर-टूचा जीन मोजणाऱ्या टेस्टचा निकालही असतो. आपल्याला तोंडी सांगतात 'हर-टू निगेटिव्ह' आणि विषय संपतो, पण निगेटिव्ह मध्ये ० पण येतो, १+ पण येतो आणि फिश निगेटिव्ह असलेला २+ पण येतो. २०२२ पर्यंत या फरकाने उपचारात काही फरक पडत नव्हता म्हणून कुणी सांगायचंही नाही. आता पडतो. तुमचा तो आकडा काय आहे ते एका कागदावर लिहून घ्या, कारण बातमी आपली की परक्याची हे ठरवायला सगळ्यात आधी तोच लागणार आहे.

का ते सांगते. हर-टू खूप जास्त असलेल्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध १९९८ मध्ये आलं, त्याच्या मागचा शोधनिबंध डेनिस स्लेमन वगैरे मंडळींचा १९८७ चा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या निष्कर्षापासून औषधापर्यंत अकरा वर्षं. त्या जातीचा कॅन्सर तोवर फार वाईट समजला जायचा, त्या औषधाने चित्र पालटलं. पण ते ३+ किंवा फिश पॉझिटिव्ह वाल्यांनाच, बाकीच्यांना दार बंद. मग त्याच ट्रास्टुझुमॅबला केमोचं औषध जोडून ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान तयार केलं, ते हर-टू शोधत पेशीपर्यंत जातं आणि आत शिरून केमो सोडतं, आणि त्यातलं थोडं औषध शेजारच्या पेशींतही झिरपतं, त्यामुळे हर-टू अगदी थोडं असलं तरी काम होतं. जून २०२२ मध्ये शिकागोला ॲस्को या कॅन्सर डॉक्टरांच्या परिषदेत याचा निकाल सांगितला तेव्हा डॉक्टर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि ऑगस्टमध्ये औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली पण. हर-टू निगेटिव्ह म्हणवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी या 'लो' गटात, म्हणजे १+ किंवा फिश निगेटिव्ह २+ मध्ये बसतात.

'मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी घटला' ही हेडलाईन त्याचीच होती, बहुतेक तुम्ही वाचलेलीही तीच. आत जाऊन बघितलं तर हार्मोन पॉझिटिव्ह बायकांमध्ये मिडीयन आयुष्य साध्या केमोवर १७.५ महिने आणि या औषधावर २३.९. साडेसहा महिन्यांच्या आसपास. हे कमी नाहीये, अजिबात नाही, त्या टाळ्या उगाच नव्हत्या, पण ३६ टक्के वाचून आपल्या डोक्यात जे चित्र उभं राहतं ते हे नसतं. आणि पुढचं वाक्य हेडलाईनमध्ये नसतंच, की यातल्या जवळजवळ सगळ्या बायकांना पसरलेल्या आजारासाठी एकदा-दोनदा केमो आधीच झालेली होती. म्हणून १७ महिने आकडा बघून तुम्ही घाबरायचं नाही, त्या तुमच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर होत्या. तुम्ही पहिल्याच औषधावर आहात. नंतरच्या ट्रायलमध्ये तेच औषध केमोच्या आधी, हार्मोनच्या गोळ्या थांबल्यावर लगेच देऊन बघितलं, तिथेही चाललं आणि जानेवारी २०२५ मध्ये तशीही मंजुरी आली. म्हणजे ते तुमच्या जवळ सरकतंय. पण त्याला फुप्फुसाच्या सुजेचा धोका आहे, पहिल्या ट्रायलमध्ये साधारण १२ टक्के लोकांना झाली आणि काही जण त्यात दगावले, म्हणून त्या औषधावर साधा कोरडा खोकला आला तरी कळवायचं असतं. चांगलं चाललेली गोळी सोडून आजच का घेत नाहीत याचं एक उत्तर इथेही मिळेल.

दुसरी बातमी जी तुमच्या लाईनीत बसते ती ईआर कडची. लेट्रोझोल बराच काळ घेतल्यावर काही जणींच्या कॅन्सरमध्ये ईएसआर-१ नावाच्या जीनमध्ये बदल होतो आणि इस्ट्रोजेन नसतानाही तो वाढायला शिकतो. हा बदल रक्ताच्या तपासणीत दिसतो, लिक्विड बायोप्सी म्हणतात. त्याच्यासाठी एलासेस्ट्रंट ही गोळी जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झाली. हिची गोष्ट मला मुद्दाम सांगायचीय. ट्रायलमध्ये हा बदल असलेल्या बायकांचा आजार न सरकण्याचा मिडीयन काळ होता ३.८ महिने, जुन्या इंजेक्शन-गोळ्यांवर १.९. वाचून वाटतं हे काय, दोन महिन्यांसाठी एवढं? पण त्यातल्या ज्या बायकांनी आधीची तुमच्यासारखी गोळी वर्षभर किंवा जास्त टिकवली होती त्यांच्यात तोच आकडा ८.६ विरुद्ध १.९. म्हणजे पहिलं औषध किती काळ चाललं यावरून पुढच्याचा थोडा अंदाज येतो. तुमच्या गोळीचे हे सव्वीस महिने संपत चाललेत असं तुम्हाला वाटतं, मला ते पुढच्या औषधाच्या बाजूने जमा झालेले दिसतात.

आणि तिसरी, ही मात्र अगदी तुमच्यासारख्याच बायकांवरची. जून २०२५ मध्ये सेरेना-६ नावाच्या ट्रायलचा निकाल आला. पसरलेल्या आजारावर तुमच्या प्रकारची गोळी जोडी घेणाऱ्या, स्कॅन स्टेबल असलेल्या बायका, दर दोन-तीन महिन्यांनी रक्तात ईएसआर-१ शोधायचा आणि सापडला तर स्कॅन बिघडायची वाट न बघता लेट्रोझोलच्या जागी कॅमिझेस्ट्रंट नावाची नवीन गोळी द्यायची, दुसरी गोळी तशीच चालू ठेवायची. तीन हजारांवर बायका तपासल्या तेव्हा ३१५ जणी ट्रायलमध्ये घेतल्या. बदललेल्यांचा आजार १६ महिने सरकला नाही, न बदललेल्यांचा ९.२. ऐकायला मस्त, आणि आहेही. पण जाणकारांमध्ये वाद कशावर आहे तर लवकर बदलून एकूण आयुष्य वाढतं का, की सरकल्यावर बदललं असतं तरी तेवढंच झालं असतं, आणि दुसरं म्हणजे स्कॅन छान असताना रक्तात काहीतरी सापडलंय हे डोक्यावर घेऊन बाईने जगायचं कसं. माझं स्वतःचं मत विचाराल तर तुमच्यासारख्या रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या बाईने ही टेस्ट स्वतःच्या मनाने लॅबमध्ये जाऊन करून घेऊ नये, पण डॉक्टरांना मात्र जरूर विचारावं की माझ्या बाबतीत हिचा उपयोग आहे का, आणि केली तर निकालावर आपण काय करणार. ज्या टेस्टच्या निकालावर काहीच करायचं ठरलेलं नाही ती करून फक्त जागरण वाढतं.

डॉक्टरांना तुम्ही विचारलंत तो प्रश्न, 'औषध बदलायचं का', त्याला 'नाही' हेच उत्तर बरोबर आहे आणि तुम्हालाही ते आतून माहितीय. चालणारी गोळी मधेच सोडणं म्हणजे एक पायरी न वापरताच सोडणं. प्रश्न असा विचारा : पुढे कधी स्कॅन बदलला तर आपण आधी काय करणार? परत बायोप्सी की रक्ताची टेस्ट? ईएसआर-१ आणि पीआयके-३-सीए (हाही एक जीन) दोन्ही बघणार ना? माझा हर-टू किती होता, परत बघायची गरज आहे का? बीआरसीए ची टेस्ट झालीय का माझी? (हा बदल घराण्यात चालत येऊ शकतो, म्हणून ही टेस्ट घरच्या इतर बायकांसाठीही महत्त्वाची, मुलगी आहे तुम्हाला, आणि बीआरसीए पॉझिटिव्ह निघालं तर ओलापॅरिबसारखी वेगळी औषधंही उपलब्ध होतात.) पीआयके-३-सीए मधला बदल तुमच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये साधारण ४० टक्के लोकांत असतो आणि त्याच्यासाठी २०१९ पासून एकामागून एक गोळ्या आल्यात, २०२३ ची कॅपिव्हासर्टिब, २०२४ ची इनाव्होलिसिब, त्यातल्या काहींनी साखर चांगलीच वाढते, डायबिटीस असेल तर आत्ताच सांगून ठेवा. असं विचारलंत की डॉक्टरही वेगळं बोलतात बघा, कारण आता तुम्ही त्यांच्या उपचारावर शंका घेत नाही, पुढचा प्लॅन विचारताय.

ट्रायलबद्दल एकच पण फार कामाची गोष्ट. ट्रायल म्हणजे सगळं संपल्यावरचा शेवटचा दरवाजा असं लोक धरून चालतात आणि म्हणून उशिरा जातात. बऱ्याच ट्रायलमध्ये आधी किती औषधं झालीत यावर मर्यादा असते, दोन चालतील तीन नाही असं काहीतरी. म्हणून स्कॅन बदलला तर नवीन औषधाचा पहिला डोस घेण्याआधी विचारायचं की आत्ता मी कुठल्या ट्रायलमध्ये बसते का, एकदा सुरू केलं की दार बंद होऊ शकतं. आणि नुसती रिकामी गोळी देऊन बसवतील ही भीती असेल तर, चांगलं प्रस्थापित औषध असताना ते काढून घेऊन रिकामी गोळी देत नाहीत, तुमच्या गोळीच्याच ट्रायलमध्ये बघा ना, रिकामी गोळी मिळालेल्या बायकांनाही लेट्रोझोल होतंच. मधेच सोडायची मोकळीक कायम असते.

बरं, इतका वेळ लागतो कशाला, चांगलं दिसतंय तर देऊन टाका ना, हे तुमच्या मनात येणारच, माझ्याही येतं. १९९० च्या दशकात अगदी हेच झालं होतं. प्रचंड डोसची केमो द्यायची आणि मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट, ब्रेस्ट कॅन्सरवर हे चालेल अशी सगळ्यांना खात्री, सुरुवातीचे छोटे अभ्यास छान, अमेरिकेत बायका इन्शुरन्स कंपन्यांशी कोर्टात भांडून ते मिळवत होत्या आणि ट्रायलमध्ये जायला कुणी तयार नव्हतं, कारण ट्रायलमध्ये साधी केमो वाट्याला आली तर? १९९९ मध्ये मोठ्या ट्रायलचे निकाल आले, साध्या केमोपेक्षा फायदा नाही. फक्त एका दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रायलने फायदा दाखवला होता, ती नंतर बनावट निघाली. बेव्हासिझुमॅबचंही तेच, २००८ मध्ये घाईने मंजुरी, कारण आजार सरकायला वेळ लागत होता, पुढच्या अभ्यासांत आयुष्य काही वाढेना आणि साईड इफेक्ट मात्र खरे, २०११ मध्ये एफडीएने ब्रेस्ट कॅन्सरसाठीची मंजुरी काढून घेतली. म्हणून बातमीत 'आजार सरकला नाही' लिहिलंय की 'जास्त जगल्या' लिहिलंय हे शोधायची सवय लावून घ्या, दोन्ही चांगलंच, पण एक नाहीत. आणि 'उंदरांमध्ये' हा शब्द दिसला की फोन बंद करून झोपा, खरंच.

वाचणं बंद करू का, तर नाही. तुम्हाला समजून घ्यायला आवडतं, तुमच्या पत्रावरूनच कळतं, आणि असल्या माणसाला वाचू नको म्हटलं तर ते चोरून वाचतं आणि जास्त घाबरतं. पण वेळ बदला. या बातम्या वर्षभर सारख्या येत नाहीत, त्यांचे मोसम आहेत, मे-जूनमध्ये ॲस्को, शरदात युरोपातली एस्मो, डिसेंबरमध्ये सॅन अँटोनियोची फक्त ब्रेस्ट कॅन्सरची परिषद. त्या त्या वेळी पूर येतो आणि एकच बातमी दहा तोंडांनी फिरते. आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, तासभर बसा, तो मघाचा कागद समोर ठेवून. बातमी कुठल्या प्रकारच्या कॅन्सरची, कितव्या औषधानंतरची, किती माणसांवर, तुलना कशाशी. जुळली तर एका वहीत एका ओळीत लिहा आणि पुढच्या भेटीला न्या. नाही जुळली तर ती दुसऱ्या कुणासाठी चांगली बातमी आहे, ट्रिपल निगेटिव्हवाल्यांसाठी (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) पेम्ब्रोलिझुमॅब आलं तेव्हा असंच झालं, तुमचा त्यात काही संबंध नव्हता पण तुम्ही जागलात असणार.

ह्यांचं आणि नणंदेचं. दोघांच्या मनात काळजीच आहे, त्यामुळे रागावू नका, कामाला लावा. ह्यांना सांगा, लिंक मला पाठवायची नाही, तुम्ही आधी पूर्ण वाचायची, त्या कागदाशी ताडून बघायची आणि जुळली तर रविवारी सांगायची. निम्म्या लिंका तिथेच गळतील. नणंद 'नैसर्गिक आहे, काही नुकसान नाही' म्हणून कसल्या कॅप्सूल पाठवत असेल तर (पत्रात नाही लिहिलंत पण लिंका पाठवणारी माणसं सहसा तिथे थांबत नाहीत) त्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोतच. तुमची गोळी लिव्हरमधल्या ज्या रस्त्याने शरीरातून जाते तो रस्ता बऱ्याच गोष्टी अडवतात किंवा जोरात चालवतात, सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती तर आहेच, साधं ग्रेपफ्रूटही चालत नाही. तुमचा ईसीजी उगाच नाही काढत ते, गोळीचं प्रमाण रक्तात वाढलं तर हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होऊ शकतो.

आता मुलगी. हे मी शेवटी ठेवलं कारण याचं उत्तर आकड्यात नाहीये. १९ वर्षांची आहे, लहान नाही, तिच्या फोनवरही गुगल आहे आणि तिने तुमच्याआधी सगळं वाचलेलं असण्याची दाट शक्यता आहे. 'बरी होशील ना' विचारताना ती बहुतेक हे तपासत असते की आई माझ्याशी खरं बोलणार की नाही. तुम्ही गप्प राहिलात तर ती त्या गप्पपणात सगळ्यात वाईट ते भरून घेणार. म्हणून तिला असं काहीतरी सांगता येईल : "हा आजार पूर्ण जाईल असं आत्ताचं कुठलंच औषध नाही. पण तो दाबून ठेवता येतो, माझा सव्वीस महिने दाबलेला आहे, आणि हे औषध थांबलं तर पुढची आहेत, दर वर्षी त्यात भर पडतेय. काही बदललं तर तुला मी स्वतः सांगीन, तुला दुसरीकडून कळणार नाही." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त पाळावं लागेल. एका बैठकीत सगळं बोलायची गरज नाही, गाडीत, भांडी आवरताना, शेजारी शेजारी बसून बोललं की मुलं जास्त बोलतात, समोरासमोर बसवलं की कोर्टासारखं होतं. ती रडली तर रडू द्या, लगेच नवीन गोळीची गोष्ट काढून तिला गप्प करू नका. आणि तिला इंटरेस्ट असेल तर त्या वहीचं काम तिलाच द्या, पुढच्या भेटीला सोबत न्या. काही मुलींना यात आधार वाटतो, काहींना अजिबात नको असतं, नको म्हणाली तर तेही ठीक.

आणि झोपेचं डॉक्टरांना सांगितलंय का हो? पत्रात सगळं आहे, तेवढंच नाही. लेट्रोझोलने रात्री अंग गरम होऊन, घाम येऊन जाग येते, सांधे दुखतात, आणि मग जाग आल्यावर फोन हातात जातो, म्हणजे सुरुवात बातमीने होते की घामाने हे एकदा चार-पाच रात्री लिहून बघा. घामासाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत, निद्रानाशासाठी सीबीटी नावाची समुपदेशनाची ठरलेली पद्धत आहे, आणि रोजच्या चालण्याने थकवा कमी होतो हे कॅन्सर पेशंट्समध्ये बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, फक्त तुमच्या मणक्यात आजार आहे म्हणून किती आणि कुठला व्यायाम ते विचारूनच. पॅलिएटिव्ह केअरची टीम असेल तिथे तर त्यांच्याकडे एकदा जाऊन या, नाव ऐकून दचकू नका, ते शेवटच्या दिवसांसाठीच नसतात, दुखणं, झोप, घाबरणं हे सगळं त्यांच्याच कामात येतं. आणि हाडांचं इंजेक्शन चालू आहे म्हणून दात काढायचं वगैरे काही निघालं तर डेंटिस्टला आधी त्या इंजेक्शनचं नाव सांगा, जबड्याच्या हाडाला त्याने त्रास होऊ शकतो. पुढच्या भेटीला ते रात्रीचं टिपण घेऊन जा आणि स्कॅनचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच पुढे ठेवा, नाहीतर स्कॅन चांगला आला की 'छान, भेटू पुढच्या महिन्यात' होतं आणि झोप तशीच राहते.